नवागतांची बोली व दप्तराची भाषा : गोंदिया जिल्ह्यातील उदाहरण

परप्रांतातून किंवा परदेशातून आलेला मनुष्य नव्या ठिकाणी स्थिरावला असे केव्हा म्हणावे? समाजशास्त्राचा अभ्यासक त्याचे घर, व्यवसाय व सोयरीक पाहील. भाषेचा अभ्यासक तो शेजाऱ्याशी कोणत्या भाषेत बोलतो हे पाहील. गोंदिया जिल्ह्यात या दुसऱ्या कसोटीस नवागत उतरतो, परंतु सरकारी दप्तरात तो पुढेही दीर्घकाळ उपराच राहतो. या विसंगतीची काही कारणे मूलतः भाषिक आहेत. त्यांचा येथे विचार करावयाचा आहे.

हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. नवागतांचा ओघ येथे जुनाच आहे. पोवार समाज माळव्यातून वैनगंगेच्या खोऱ्यात आला, असे त्याची परंपरा सांगते. त्याच्या पोवारी बोलीची नोंद ग्रियर्सन यांनी आपल्या भाषिक सर्वेक्षणात पूर्वी हिंदीच्या खंडात केली. २०११ च्या जनगणनेतही ती हिंदीतच गणली गेली. गोंदिया शहराची वाढ मात्र रेल्वेने झाली. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेचे हे जंक्शन धान, तेंदूपान व बिडी यांच्या व्यापाराचे केंद्र बनले. तेथे मारवाडी व गुजराती आले, फाळणीनंतर सिंधी आले. गुजरातेतून आलेल्या मनोहरभाई पटेल यांनी १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था काढली. २०११ साली या शहराची लोकसंख्या सुमारे एक लाख तेहतीस हजार होती. अशा बाजारपेठेत नवागताचे हिंदीवर भागते, आणि तेथे त्याला कोणी परका मानीत नाही.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील स्थिती याहून निराळी आहे. तेथील नवागत आपण होऊन आले नाहीत. त्यांस शासनाने वसविले. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या अरुणनगर, गौरनगर, दिनकरनगर यांसारख्या वसाहती येथे उभ्या राहिल्या. इटियाडोह धरणाच्या परिसरात, गोठणगाव-प्रतापगड भागात, १९७२ साली नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत झाली. (या नावातील ‘लिंग’चा संस्कृत शब्दाशी काही संबंध नाही. तिबेटी भाषेत त्याचा अर्थ भूभाग, द्वीप. ‘नोर’ म्हणजे संपत्ती.) जिल्हा बदलून पाव शतक लोटले, तरी तिबेटी लोकांत ही वसाहत अजून ‘भंडारा’ म्हणूनच ओळखली जाते.

येथे नवागताच्या कानी प्रथम पडते ती शालेय मराठी नव्हे, झाडीबोली होय. या बोलीत ण व ळ नाहीत. ‘पाणी’चे ‘पानी’ व ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो. बंगाली बोलणाऱ्याच्या उच्चारातही हे दोन ध्वनी नाहीत. म्हणजे शहरी मराठी भाषिकास जो बंगाल्याचा दोष वाटेल, तो येथील शेतकऱ्यास दोष वाटतच नाही. उलट प्रकार ऊष्म वर्णांचा. झाडीबोली ‘श’चा ‘स’ करते, तर बंगालीत श, ष, स या तिन्ही अक्षरांचा उच्चार बहुधा ‘श’ होतो. बंगाली मनुष्य ओळखू येतो तो असा.

व्याकरणात खरी अडचण लिंगाची. बंगाली व तिबेटी या दोन्ही भाषांत क्रियापद लिंगानुसार बदलत नाही. मराठीत भात शिजला, भाजी शिजली आणि वरण शिजले. ‘त्याने’मधील कर्तृवाचक प्रत्यय मात्र तिबेटी मनुष्यास नवा नाही, कारण त्याच्या भाषेतही कर्त्याला तसा प्रत्यय लागतो. सर्वनामांचा भेद याहून सूक्ष्म आहे. मराठीत ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ व त्याला सामावणारे ‘आपण’ ही दोन रूपे निराळी आहेत. बंगालीत ‘आमरा’ हे एकच रूप दोन्ही कामे करते. दोन पिढ्या शेजारी राहिलेल्या घरात ‘आपल्या गावात’ आणि ‘आमच्या वसाहतीत’ यांची निवड केव्हा व कोणापुढे होते, हा विषय एखाद्या पदव्युत्तर प्रबंधास पुरेल.

बोलण्यातल्या या अडचणी वयाने व शाळेने सुटतात. दप्तरातील अडचणी तशा सुटत नाहीत. महाराष्ट्रातील अर्ज परंपरेने स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव या क्रमाने माहिती मागत आला. तिबेटी लोकांत सामान्यतः आडनाव नसते. दोन शब्द मिळून व्यक्तीचेच नाव होते. कारकुनाने दुसऱ्या शब्दाला आडनाव ठरविले, की बाप, मुलगा व मुलगी यांची तीन आडनावे होतात, आणि एका कुटुंबाची माणसे कागदावर एकमेकांची कोणी लागत नाहीत. बंगाल्यांस आडनाव असते, पण तेथे लेखन आड येते. बंगालीत ‘व’चा उच्चार ‘ब’ होत असल्याने एकच आडनाव कोठे ‘विश्वास’, कोठे ‘बिस्वास’ असे लिहिले जाते. शिवाय मराठीत ‘विश्वास’ हे व्यक्तिनाम आहे. ‘मंडल’चे ‘मंडळ’ होण्यास तर कारकुनाचा सद्हेतूच पुरेसा आहे. भूखंडाच्या कागदावर एक रूप व शाळेच्या दाखल्यावर दुसरे, असे झाले की ती दोन रूपे एकाच माणसाची आहेत हे शपथपत्राने सिद्ध करावे लागते.

एका शब्दाचे मोल याहूनही अधिक असू शकते. ‘नमःशूद्र’ ही जात पश्चिम बंगालच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. यादी राज्यानुसार असल्याने येथे वसविलेल्या नमःशूद्र कुटुंबास त्या नावाने कोणतीही सवलत मिळत नाही. तिबेट्यांच्या बाबतीत हेच काम तारखेने केले आहे. नागरिकत्व कायद्यान्वये २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मतः नागरिक ठरते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली नामग्याल डोलकर यांच्या प्रकरणात तिबेटी निर्वासितांच्या अपत्यांसही हे लागू केले. त्यामुळे निर्वासित आईबापांच्या पोटी जून १९८७ मध्ये वसाहतीत जन्मलेला थोरला भाऊ जन्मतः भारतीय, आणि त्याच घरात दोन वर्षांनी जन्मलेला धाकटा नोंदणी-प्रमाणपत्राचे वेळोवेळी नूतनीकरण करणारा परदेशी. हिवाळ्यात स्वेटर विकावयास दोघेही शहराच्या बाजारात बसतात, तेव्हा गिऱ्हाइकाशी दोघांची हिंदी सारखीच असते.