विश्लेषण : फोनमध्ये टॉरेंट अ‍ॅप असणे गुन्हा आहे का?

खडवलीहून कल्याणकडे जाणारी लोकल सुटली की टिटवाळा, आंबिवली, शहाड अशी तीन स्थानके मध्ये लागतात. तेवढ्या वेळात एका फोनमधला अख्खा चित्रपट शेजारच्या फोनमध्ये जाऊन बसू शकतो. त्याला डेटा लागत नाही की रेंज. समजा, कल्याणच्या महाविद्यालयात जाणाऱ्या खडवलीतल्या एका विद्यार्थ्याने तीन गोष्टी केल्या. फोनमध्ये टॉरेंट अ‍ॅप घेतले, रात्री त्यावरून नवा चित्रपट उतरवला आणि सकाळी गाडीत तो मित्राला ‘सेंड’ केला. यातला गुन्हा कोणता? अनेकांना वाटते पहिला, काहींना वाटते तिसरा. मधली गोष्ट सर्वांत निरुपद्रवी वाटते, आणि खरी गोम तिथेच आहे.

पीअर टू पीअर म्हणजे नेमके काय?

एरवी आपण एखादी फाइल मागतो तेव्हा ती कंपनीच्या सर्व्हरवरून येते. पीअर टू पीअर पद्धतीत ती दुसऱ्या वापरकर्त्याच्या यंत्रातून थेट आपल्या यंत्रात येते. ब्रॅम कोहेन या अमेरिकी प्रोग्रामरने २००१ मध्ये आणलेल्या बिटटॉरेंटने यात एक भर घातली. फाइलचे छोटे छोटे तुकडे करायचे आणि ते अनेकांकडून एकाच वेळी गोळा करायचे. त्यातली मेख अशी, की जो तुकडा आपल्याकडे आला तो लगेच इतरांना द्यायलाही लागायचे. या पंगतीत वेगळा वाढपी नसतो. जेवता जेवता प्रत्येक जण शेजाऱ्याच्या पानात वाढत असतो.

हे तंत्र चोरट्या चित्रपटांपुरते नाही. उबुंटूसारखी मोफत संगणक प्रणाली अधिकृतपणे टॉरेंटवर मिळते. इंटरनेट आर्काइव्हवरील असंख्य पुस्तके आणि ध्वनिफिती टॉरेंटनेही उतरवता येतात. विंडोजचे अपडेट शेजारच्या संगणकातून येऊ शकतात. व्हॉट्सअ‍ॅपवर दोघांत होणारा कॉलही बहुतेक वेळा याच पद्धतीने थेट फोन ते फोन जातो.

मग अ‍ॅप कायदेशीर आहे का?

होय. भारतात टॉरेंट सॉफ्टवेअर बाळगण्याला किंवा वापरण्याला मनाई करणारा कायदा नाही. अँड्रॉइडच्या प्ले स्टोअरवर अशी अ‍ॅप उघडपणे मिळतात.

साधन आणि त्याचा गैरवापर यांतला फरक न्यायालयांनी जुन्या काळापासून केला आहे. घरी बसून टीव्हीचे कार्यक्रम टेप करणाऱ्या व्हिडीओ रेकॉर्डरविरुद्ध हॉलीवूडच्या स्टुडिओंनी सोनीवर खटला भरला, तेव्हा १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सोनीच्या बाजूने निकाल दिला. ज्या यंत्राचा कायदेशीर उपयोगही भरपूर आहे, ते विकणारा केवळ विकल्यामुळे दोषी ठरत नाही. मात्र २००५ मध्ये त्याच न्यायालयाने ग्रोकस्टर या फाइल शेअरिंग कंपनीला वाचवले नाही. लोकांनी चोरी करावी म्हणून प्रोत्साहन देऊन जो साधन वाटतो त्याला ही ढाल मिळत नाही, असे न्यायालयाने एकमताने सांगितले. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्येही जाणीवपूर्वक हक्कभंग करणाऱ्याच्या जोडीला त्याला साथ देणारा आहेच.

गंमत म्हणजे, फोनमधून फोनमध्ये फाइल पाठवणारी जी अ‍ॅप भारतात खरोखर बंद झाली, त्यांचा कॉपीराइटशी संबंधच नव्हता. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ चिनी अ‍ॅपमध्ये शेअरइट आणि झेंडर होती. देशाचे सार्वभौमत्व आणि सुरक्षा हे कारण देत माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली ती कारवाई झाली. आज गाडीत तेच काम अँड्रॉइडचे क्विक शेअर किंवा आयफोनचे एअरड्रॉप करते, आणि त्यात बेकायदा काही नाही.

‘तीन वर्षे तुरुंगवासा’ची भीती कुठून आली?

२०१६ चे वर्ष चित्रपटसृष्टीला फार कडू गेले. ‘सैराट’ला चित्रपटगृहांबाहेर रांगा लागलेल्या असतानाच त्याच्या चोरट्या प्रती मोबाइलमधून फिरत होत्या. जूनमध्ये ‘उडता पंजाब’ प्रदर्शनाच्या दोन दिवस आधीच टॉरेंटवर आला. जुलैमध्ये ‘ढिशूम’च्या निर्मात्यांच्या वतीने इरॉस कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. वेबसाइट्सच्या वेबसाइट्स बंद करा, ही तिची मागणी न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तशीच मान्य केली नाही. एखाद्या साइटवर सगळा माल चोरीचाच आहे हे दाखवल्याशिवाय पूर्ण साइट बंद करता येणार नाही, नेमक्या लिंक द्या, असे त्यांनी बजावले. बंद केलेल्या पानावर लोकांना कारण कळेल असा संदेश दिसावा, हेही त्याच प्रकरणात ठरले.

गोंधळ झाला तो त्या संदेशातून. बेकायदा प्रत ‘पाहणे, उतरवणे, दाखवणे किंवा तिची नक्कल करणे’ हा गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, असे त्यात होते. ऑगस्टमध्ये तो स्क्रीनवर झळकू लागला आणि ‘टॉरेंट साइट उघडली तरी तुरुंग’ अशा बातम्या देशभर पसरल्या. (ज्या कलमांचा हवाला दिला होता, त्यांत दंडाची कमाल मर्यादा दोन लाखच आहे. तिसरा लाख कुठून आला कोण जाणे.) अखेर ३० ऑगस्ट २०१६ च्या आदेशात न्या. पटेल यांनीच खुलासा केला, की गुन्हा पाहण्यात नाही. परवानगीशिवाय हक्कधारकाला बाधक ठरेल असे वितरण करणे, जाहीर प्रदर्शन करणे, विक्रीला वा भाड्याने देणे यांत तो आहे. हा खुलासा मूळ अफवेइतका मात्र पसरला नाही. आजही फॉरवर्ड होत राहते ती अफवाच.

पाहणे गुन्हा नाही, मग उतरवणे चालते?

इथे खडवलीच्या त्या विद्यार्थ्याच्या रात्रीकडे परत यावे लागते. चित्रपटाची प्रत करण्याचा, अगदी ती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवण्याचाही, हक्क कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ नुसार मालकाचा आहे. खासगी वापरासाठी ‘उचित वापरा’ची सवलत कलम ५२ मध्ये आहे खरी, पण नुकताच प्रदर्शित झालेला अख्खा चित्रपट चोरट्या प्रतीतून फुकट घेणे तिच्यात बसवणे कठीणच.

तरीही साध्या लिंकवरून उतरवणारा निदान घेऊन थांबतो. टॉरेंटवाला थांबत नाही. चित्रपट येत असताना त्याचे तुकडे त्याच्याच फोनमधून अनोळखी लोकांना जात असतात. तो झोपला आणि अ‍ॅप चालू राहिले तर रात्रभर जातात. म्हणजे न्या. पटेल यांनी पाहण्यापासून वेगळे काढलेले ‘वितरण’ नकळत त्याच्या माथी बसते. शिवाय त्या वेळी त्याचा आयपी पत्ता जोडलेल्या प्रत्येकाला दिसू शकतो. त्यात निर्मात्यांनी पाळतीवर नेमलेली कंपनीही असू शकते. ‘मी फक्त घेतला, दिला कुणालाच नाही’ हा बचाव टॉरेंटच्या रचनेतच निकालात निघतो.

कलम ६३ खाली शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी आहे. व्यापारी लाभाचा हेतू नसेल तर कारणे नोंदवून न्यायालय ती कमी करू शकते. पण मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला आहे, हे विसरून चालणार नाही. सॉफ्टवेअरबाबत कायदा आणखी कडक आहे. चोरीचा प्रोग्राम जाणूनबुजून नुसता वापरणे हाही कलम ६३ ब खाली गुन्हा आहे. चित्रपट पाहणाऱ्याला मिळणारी सूट ‘क्रॅक’ केलेले सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला नाही.

प्रत्यक्षात पकडले कोण जाते?

आजवरचा रोख मुळाकडे राहिला आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा एक भाग प्रसारणाआधीच फुटला, तेव्हा महाराष्ट्र पोलिसांनी चौघांना अटक केली. ते प्रसारणाचे तांत्रिक काम पाहणाऱ्या कंपनीचे आजी-माजी कर्मचारी होते. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये मुख्यतः चोरीच्याच मालावर चालणाऱ्या साइट्स पूर्ण बंद करण्याची आणि त्यांची नवी रूपे त्याच आदेशात ओढण्याची वाट मोकळी केली. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीने चित्रपटगृहात चोरून चित्रीकरण करणाऱ्याला किमान तीन महिने कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड ठेवला. हा दंड चित्रपटाच्या निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

मोठ्या माशांमागे लागलेल्या यंत्रणेला गाडीतला विद्यार्थी दिसत नाही. पण दिसत नाही म्हणजे कायद्यातून सुटला असे नव्हे. मित्राला फाइल पाठवली की आणखी एक प्रत तयार होते, मग पाठवणारे अ‍ॅप कितीही कायदेशीर असो. हेच ई-पेपरच्या पीडीएफनाही लागू आहे. एका हिंदी दैनिकाच्या प्रकाशकाने अशा पीडीएफ वाटणाऱ्या टेलिग्राम चॅनेलांविरुद्ध दाद मागितल्यावर, मे २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती चॅनेल हटवून चालवणाऱ्यांची माहिती देण्याचा आदेश दिला होता. टेलिग्राम काही पीअर टू पीअर नाही. तरी प्रश्न तोच होता, मार्ग कुठलाही असो, माल कुणाचा?

मग निर्धास्तपणे काय पाठवता येते?

मालकाने स्वतः मोकळे केलेले, आणि मुदत संपलेले. भारतात पुस्तकाचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांचे ‘श्यामची आई’ हे पुस्तक १ जानेवारी २०११ पासून सर्वांचे झाले. त्याचा मजकूर टॉरेंटवर टाका, गाडीत पन्नास जणांना पाठवा, कुणाची परवानगी लागत नाही. मात्र आज कुणी त्याचे ध्वनिपुस्तक केले असेल तर त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा. पु. ल. देशपांडे गेले २००० मध्ये. त्यांच्या पुस्तकांच्या पीडीएफ आजही व्हॉट्सअ‍ॅपवर सर्रास फिरतात, पण त्या तशा मोकळेपणी फिरवायला १ जानेवारी २०६१ उजाडावी लागेल.