चिखलातला गॅस दगड होतो तेव्हा



पेडण्यात तेरेखोल-शापोऱ्याच्या खाडीत असो की डिचोलीच्या बाजूला मांडवीच्या काठाला, ओहोटीला चिखलात बांबू रोवला की बुडबुडे वर येतात आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. हे आपल्याला नवीन नाही. पण ज्या प्रक्रियेतून हा वास येतो, तिच्यातूनच खोल दर्याच्या तळाला दगड तयार होतो, हे किती जणांना ठाऊक आहे?

ते कसं होतं, ते बघूया. मेलेले जीव, पालापाचोळा, नदीचा गाळ तळाला साठतो. खोल चिखलात हवा नसते, तिथे सूक्ष्म जीव हे सगळं कुजवतात आणि मिथेन गॅस बनतो. गॅस वर सरकतो. वरच्या चिखलात समुद्राचं पाणी मुरलेलं असतं आणि त्यात सल्फेट असतं. जिथे मिथेन आणि सल्फेट भेटतात, तिथे दुसऱ्या जातीचे सूक्ष्म जीव मिथेन खाऊन जगतात. त्यातून दोन गोष्टी निघतात. एक, कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. दुसरी, बायकार्बोनेट. हे बायकार्बोनेट पाण्यातल्या कॅल्शियमशी जुळलं की चुन्याचा दगड होतो. चिखलाचे कण, शिंपल्या, सगळं त्यात सिमेंटसारखं घट्ट बसतं. म्हणजे वर निसटू पाहणारा बराचसा गॅस हे जीव वाटेतच अडवतात.

आपल्या देशात अशा दगडांचा चांगला अभ्यास झालाय तो पूर्व किनाऱ्यावर, कृष्णा-गोदावरी खोऱ्यासमोर. आणि त्या कामात पुढे आहे आपल्याच दोना पावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. 2007 साली 'मारिओन द्युफ्रेन' या फ्रेंच जहाजावरून तिथे सुमारे 1,000 मीटर पाण्यात लांब नळी टाकून तळाचा गाळ वर काढला. तळाखाली जवळजवळ 17 मीटरवर चुन्याचे दगड मिळाले, सोबत खास जातीच्या शिंपल्या. या शिंपल्या आपल्या तिसऱ्यांसारख्या पाणी गाळून पोट भरत नाहीत. त्यांच्या अंगातले जिवाणू सल्फाइडवर जगतात आणि शिंपलीला पोसतात. म्हणजे एके काळी तिथे गॅस थेट तळापर्यंत येत होता. पुढे तो थांबला, आणि हजारो वर्षांचा गाळ वर बसला. दगडातला कार्बनही नेहमीच्या चुन्यापेक्षा हलका निघतो. तो मिथेनमधून आला, याची ती खूण.

2018 साली 'सिंधु साधना' जहाजावरून याच भागात आजही चालू असलेले झरे सापडले, 900 ते 1,800 मीटर पाण्यात. ते सापडले कसे? आपल्या फिशफाइंडरसारख्याच यंत्राने. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून आवाज परततो, तसाच तो गॅसच्या बुडबुड्यांवरूनही परततो. पडद्यावर तळापासून वर उठणारा धुराच्या लोटासारखा खांब दिसतो. तिथे तळाखाली 2-3 मीटरवरच मिथेनचा बर्फ, म्हणजे गॅस हायड्रेट, मिळाला.

आपल्या बाजूचं काय? गोव्यासमोर सुमारे 150 ते 330 मीटर पाण्यात तळावर शंभराहून जास्त खड्डे नोंदवले गेलेत. चिखलाखालून गॅस किंवा पाणी जोरात बाहेर पडलं की असे खड्डे पडतात. मात्र जाळं अडकलं म्हणजे खाली मिथेनचा दगड, असं समजू नका. किनाऱ्याजवळची खडपं वेगळी, विजयदुर्गासमोरच्या आंग्रिया बँकेचं प्रवाळ वेगळं.

हे सगळं आपण का जाणून घ्यायचं? एक तर, असा दगड घडायला शेकडो-हजारो वर्षं लागतात आणि ट्रॉलच्या जड फळ्या तो एका ओढीत फोडतात. चिखलाच्या सपाट तळावर कडक जागा म्हणजे जिवांना आसरा. तो मोडला तर नुकसान शेवटी आपलंच, वर जाळं फाटतं ते वेगळंच. दुसरं, गॅस हायड्रेटवर देशाचं लक्ष आहे. 2006 च्या सरकारी मोहिमेत कोकण-केरळ किनाऱ्यासमोरही तळ खणून पाहिला. तिथे हायड्रेट मिळालं नाही, पूर्वेकडे मिळालं. उद्या समुद्रातून गॅस काढायची चर्चा कुठेही निघाली, तर तळाला काय आहे हे माहीत असलेला मच्छीमारच नीट प्रश्न विचारू शकेल.

म्हणून ट्रॉलर मालकांना आणि तांडेलांना एवढंच सांगणं: खोल पाण्यात जाळ्यात भोकाभोकांचा, शिंपल्या चिकटलेला दगड आला, किंवा फिशफाइंडरवर एकाच जागी पुन्हा पुन्हा तळापासून उठणारा खांब दिसला, तर जीपीएसवरची जागा, खोली आणि तारीख वहीत लिहा. दगड परत फेकण्याआधी फोटो काढा आणि संस्थेच्या कार्यालयात कळवा. दर्याच्या तळाची खबर सगळ्यात आधी आपल्या जाळ्यालाच लागते, ती वाया जाऊ देऊ नका.