विद्येचें दार आणि रंगाचा पहारा

विद्येला जात नाहीं, हें वाक्य सभेंत टाळ्या मिळविण्यास फार उपयोगी पडतें. तें खरें करून दाखविण्याचा प्रसंग आला म्हणजे मात्र मोठमोठ्या विद्यापीठांचेंही धैर्य गळतें. अमेरिकेंतील डॉ. मार्टिन डिलेनी यांचें चरित्र याची साक्ष देतें.

डिलेनी यांचा जन्म १८१२ सालीं व्हर्जिनिया संस्थानांत झाला. बाप गुलाम, आई स्वतंत्र. कृष्णवर्णीयांस लिहिणें-वाचणें शिकविणें तेथें गुन्हा होता. मुलें वाचूं लागल्याचें उघडकीस येतांच त्या माउलीनें १८२२ सालीं त्यांस घेऊन पेनसिल्व्हेनिया गांठलें. पुढें पिट्सबर्ग येथें डिलेनी डॉक्टरांच्या हाताखालीं वैद्यक शिकले, १८४३ सालीं त्यांनीं स्वतःचें वर्तमानपत्र काढलें, आणि नंतर फ्रेडरिक डग्लस यांच्या ‘नॉर्थ स्टार’ पत्राचें सहसंपादकत्व केलें.

१८५० सालीं हार्वर्डच्या वैद्यकशाळेनें त्यांस व आणखी दोघां कृष्णवर्णीयांस प्रवेश दिला. लगेच कांहीं गोऱ्या विद्यार्थ्यांनीं अर्ज करून गिल्ला केला. या तिघांची बाजू घेणारे विद्यार्थीही होते. पण अध्यापकांनीं गिल्ला करणारांस समज देण्याऐवजीं, हिंवाळी सत्रानंतर या तिघांस पुढें शिकूं न देण्याचें ठरविलें! अपराध कोणाचा आणि शिक्षा कोणास, हें समजण्यास कायद्याचा अभ्यास नको.

पदवी नाकारली, तरी हातची विद्या कोण काढून घेणार? १८५४ सालीं पिट्सबर्गांत पटकीची साथ आली, तेव्हां अनेक डॉक्टर शहर सोडून गेले. डिलेनी रोग्यांच्या उशाशीं राहिले. यादवी युद्धांत त्यांनीं आपल्या बांधवांस सैन्यांत भरती केलें, व १८६५ सालीं मेजरचा हुद्दा मिळविला. १८७४ सालीं ते साउथ कॅरोलायनांत लेफ्टनंट गव्हर्नरच्या जागेसाठीं उभे राहिले. हरले, पण लाचार झाले नाहींत. १८८५ सालीं ते वारले.

जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांस दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केला. त्या मुक्तीसाठीं झटणारांत डिलेनी यांच्यासारखे कृष्णवर्णीयही होते, हें विसरतां कामा नये. स्वातंत्र्य हें कोणाच्या औदार्याची भीक नव्हे.

आमच्या शाळा, दवाखाने व पेढ्या चालविणाऱ्या गृहस्थांस एवढेंच विचारावयाचें आहे: लायक मनुष्य दाराशीं उभा असून आंतील मंडळी गिल्ला करूं लागली, तर आपण कोणास आवरणार? संस्थेची अब्रू या एका उत्तरावर ठरते.