एकाच दुकानातली खरेदी

ग्वाल्हेर म्हटलं की मराठी माणसाला किल्ला, तानसेन आणि शिंदे आठवतात. शहराबाहेर महाराजपूरला असलेला हवाई तळ सहसा आठवत नाही. तरी त्या तळावरच्या विमानांनी दोनदा सगळ्या देशाचं लक्ष वेधून घेतलं. पहिल्यांदा जून १९९९मध्ये, टायगर हिलवर लेझरने मार्ग दाखवलेले बॉम्ब पडले तेव्हा. दुसऱ्यांदा २६ फेब्रुवारी २०१९च्या पहाटे, बालाकोटच्या वेळी. दोन्ही वेळा विमान तेच होतं, फ्रान्सच्या दासो कंपनीचं मिराज-२०००. त्याच्या पराक्रमावर पुष्कळ लिहून झालं आहे. ते कसं विकत घेतलं आणि विकत घेतल्यावर काय काय घेत राहावं लागलं, याबद्दल मात्र फार कमी लिहिलं जातं.

१९८१मध्ये अमेरिकेने पाकिस्तानला चाळीस एफ-१६ द्यायचं ठरवलं. दिल्लीत धावपळ सुरू झाली. मिराज-२००० तेव्हा इतकं नवं होतं, की खुद्द फ्रेंच हवाई दलातही ते दाखल व्हायचं होतं. तरी ऑक्टोबर १९८२मध्ये भारताने चाळीस विमानांचा करार केला: छत्तीस एका आसनाची आणि चार दोन आसनांची. आज आपण जिला स्पर्धात्मक निविदा म्हणतो, म्हणजे सहा कंपन्यांना पत्रं, चाचण्या, बंद लिफाफे आणि शेवटी सर्वात कमी दर, ती पद्धत इथे नव्हती. खरेदी थेट वाटाघाटींतून झाली.

पण स्पर्धा अजिबातच नव्हती असंही म्हणता येत नाही. करारात आणखी विमानं बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये बांधण्याची सोय ठेवलेली होती. भारत पॅरिसकडे झुकतोय हे दिसल्यावर मॉस्कोने आपलं नवं मिग-२९ पुढे केलं, तेही भारताने घेतलं आणि मिराज इथे बांधायचा बेत मागे पडला. दोन गिऱ्हाइकं एका दुकानदाराभोवती फिरावीत, त्याच्या उलट इथे दोन दुकानदार एका गिऱ्हाइकाभोवती फिरत होते. निविदेचा कागद नसतानाही दिल्लीच्या हातात पत्ते होते. ही परिस्थिती पुढे फारशी आली नाही.

जून १९८५पासून विमानं ग्वाल्हेरला येऊ लागली. सात नंबरची स्क्वॉड्रन आधी, मग एक नंबरची, पुढे नऊ नंबरची. हवाई दलाने त्यांचं नाव ठेवलं ‘वज्र’.

विमान एकदा ताफ्यात आलं की बाजार बंद होतो. ते तीस-चाळीस वर्षं उडतं. इंजिनाचे भाग, रडार, पंखाखालची क्षेपणास्त्रं, उड्डाणाच्या संगणकातली आज्ञावली, सगळ्याच्या चाव्या मूळ कारखानदाराकडे. सरकारी खर्चाचे सामान्य वित्तीय नियम (२०१७) यांतला नियम १६६ हेच मान्य करतो. ठरावीक वस्तू एकच कंपनी बनवते तेव्हा, तातडीची गरज असते तेव्हा, किंवा आधीच्या यंत्राशी जुळणारेच भाग हवे असतात तेव्हा, एकाच पुरवठादाराकडून खरेदी करायची मुभा आहे. तिसरं कारण वाचायला सर्वात निरुपद्रवी वाटतं. संरक्षण खात्याच्या खर्चात तेच वर्षानुवर्षं पैसे खातं, असं माझं मत आहे.

मिराजचं उदाहरण घ्या. २०००मध्ये आणखी दहा विमानं मागवली, अर्थात त्याच कंपनीकडून. जुलै २०११च्या अखेरीस ताफ्यातल्या ५१ विमानांच्या आधुनिकीकरणाचा करार झाला: नवं रडार, नवं कॉकपिट, नवी युद्धसामग्री. तेव्हा हवाई दलप्रमुख होते नागपूरचे प्रदीप नाईक, निवृत्तीला दोनच दिवस उरलेले. फ्रेंच कंपन्यांशी झालेल्या या कराराची रक्कम १०,९४७ कोटी रुपये. वरवरचा भागाकार केला तरी विमानामागे दोनशे कोटींच्या वर. त्या विमानांना जोडायची मायका क्षेपणास्त्रं पुढच्या वर्षी स्वतंत्रपणे घेतली, तीही फ्रेंचच. यांतल्या एकाही टप्प्यावर दुसरा खरा उमेदवार उभा राहू शकत नव्हता. अडला हरी म्हणतात तसा प्रकार. फरक इतकाच, की इथे हरी स्वतःहून दारात गेला होता आणि आत गेल्यावर दार बाहेरून लागलं.

याला अपवाद म्हणावा असा प्रसंग कारगिलचा. उंच डोंगरकड्यांवरची छोटी ठाणी साध्या बॉम्बनी टिपणं अवघड होतं. इस्राएलकडून घेतलेलं लायटनिंग हे लेझर-निशाण्याचं उपकरण हाताशी होतं. हजार पौंडी बॉम्बवर बसवायची पेव्हवे संचाची सामग्रीही होती. पण पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातलेले, त्यामुळे सगळे भाग जुळत नव्हते. मग तंत्रज्ञांनी जे हवं ते इथेच घडवलं, फ्रेंच विमान, इस्राएली डोळा आणि पाश्चात्त्य बनावटीचा बॉम्ब काही दिवसांत एकमेकांशी बोलते केले, आणि २४ जूनला टायगर हिलवर हल्ला झाला. तेव्हाचे हवाई दलप्रमुख अनिल यशवंत टिपणीस तो पाहायला सोबतच्या दोन आसनी मिराजमध्ये बसून गेले होते. युद्धकाळात प्रमुखाने असं करणं हा धाडसाचा भाग झाला. त्याहून मोठी गोष्ट अशी, की मूळ कंपनीला बाजूला ठेवूनही थोडंफार करता येतं हे तिथे सिद्ध झालं.

घाईच्या खरेदीची दुसरी बाजूही त्याच युद्धाने दाखवली. नंतर कॅगने ‘ऑपरेशन विजय’साठीच्या खरेदीचा हिशेब तपासला, तेव्हा नियम शिथिल करून मागवलेला बहुतेक माल युद्ध थांबल्यावर पोचला होता असं आढळलं. वरातीमागून घोडं. शवपेट्यांचा वाद तेव्हा सगळ्यांच्या तोंडी झाला. उशिरा आलेल्या दारूगोळ्याबद्दल मात्र कोणी फारसं बोललं नाही.

कारगिलमुळे हवाई दलाचा मिराजवर इतका विश्वास बसला, की ऑगस्ट २०००मध्ये त्याने १२६ मिराजच मागितली. ओळखीचं विमान, तयार वैमानिक, ग्वाल्हेरला तयार कार्यशाळा. संरक्षण मंत्रालय मात्र दचकलं. बोफोर्स प्रकरणाला तेरा वर्षं उलटली होती, तरी १९८७नंतर कुठल्याही अधिकाऱ्याला एकाच कंपनीचं नाव असलेल्या फाइलवर सही करायला नको वाटे. स्पर्धा हवी असं ठरलं. २००४मध्ये अनेक कंपन्यांना विचारणा झाली, ऑगस्ट २००७मध्ये औपचारिक प्रस्ताव मागवले. तोवर मिराजची मागणी थंडावली होती. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात शेवटचं मिराज ग्रीसच्या हवाई दलाला देऊन दासोने उत्पादन बंद केलं.

मग जगातल्या सहा विमानांच्या चाचण्या झाल्या: बंगळूरची दमट हवा, जैसलमेरचं ऊन, लेहची उंची. दासोचंच रफाल आणि युरोफायटर उरले, आणि ३१ जानेवारी २०१२ला रफाल सर्वात कमी दराचं, म्हणजे ‘एल-वन’ ठरलं. स्पर्धा नियमांनुसार झाली. पण करार झालाच नाही. भारतात बांधायच्या विमानांची जबाबदारी कोणाची, किती मनुष्यतास लागतील, यावर तीन वर्षं घोळ चालू राहिला. एप्रिल २०१५मध्ये पंतप्रधानांनी पॅरिसमध्ये ३६ तयार विमानं थेट घेण्याची घोषणा केली आणि जुनी प्रक्रिया गुंडाळण्यात आली. २३ सप्टेंबर २०१६ला दिल्लीत गोव्याचे मनोहर पर्रीकर आणि फ्रेंच संरक्षणमंत्री ज्यां-इव्ह ल द्रियां यांनी दोन सरकारांमधल्या करारावर सह्या केल्या. रक्कम सुमारे ७.८७ अब्ज युरो.

सोळा वर्षांच्या फेरफटक्यानंतर देश पुन्हा त्याच दुकानात आला, वेगळं विमान घेऊन बाहेर पडला, तेही मागितलेल्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी.

पुढचं राजकारण वाचकांना तोंडपाठ आहे. सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१८ला हस्तक्षेप नाकारला. फेब्रुवारी २०१९मध्ये आलेल्या कॅगच्या अहवालाने सांगितलं, की हा व्यवहार आधीच्या प्रस्तावाच्या तुलनेत २.८६ टक्क्यांनी स्वस्त पडला. फ्रेंच सरकारची हमी न घेता आश्वासनाचं पत्र घेतलं, हेही त्याने नोंदवलं. किमतींचे मूळ आकडे त्या अहवालात झाकलेले होते. माझ्या दृष्टीने खरी अडचण तिथेच आहे. निविदा नव्हती म्हणून आरडाओरडा झाला. किंमत रास्त होती की नाही हे तपासायची नागरिकाला सोय नव्हती, त्यावर तेवढा झाला नाही.

निविदेविना खरेदी करणारा देश काही आपण एकटाच नव्हे. ब्रिटनने हा प्रश्न ठेच खाऊन सोडवला. १९६०च्या दशकात फेरांटी कंपनीने ब्लडहाउंड क्षेपणास्त्राच्या कंत्राटात अवाजवी नफा कमावल्याचं उघड झालं आणि तिला सव्वाचार दशलक्ष पौंड परत करावे लागले. त्यातून स्पर्धेविना दिलेल्या कंत्राटांवर नजर ठेवणारं मंडळ आलं. २०१४च्या कायद्याने त्याच्या जागी एक स्वतंत्र नियामक कार्यालय बसवलं. नफ्याचा मूळ दर दरवर्षी जाहीर होतो, कंपनीला आपला खर्च उघडा करून दाखवावा लागतो. अमेरिकेत १९६२पासून कायदाच आहे, की ठरावीक रकमेवरच्या एकल कंत्राटात कंपनीने खर्चाची माहिती खरी असल्याचं लिहून द्यायचं. खोटी निघाली तर पैसे परत.

आपल्याकडे वाटाघाटी समिती असते. किंमत उघडण्याआधी ती आपला स्वतंत्र अंदाज कागदावर बांधते आणि मग त्या आकड्याशी विक्रेत्याचा आकडा ताडते. कल्पना उत्तम. पण परदेशी कंपनीचं खातं समितीपुढे येत नाही. म्हणून अंदाज बांधायला आधार उरतात ते जुने करार, इतर देशांनी दिलेल्या किमतींच्या ऐकीव बातम्या आणि महागाईचे निर्देशांक. समितीतले अधिकारी बदलीवर जातात, समोर बसलेला फ्रेंच माणूस वीस वर्षं हेच काम करत असतो.

दोनशे वर्षांमागे ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याने परक्यांवर विसंबण्याचा हा धोका दुसऱ्या रूपात भोगला. महादजी शिंद्यांनी १७८४मध्ये सव्हॉयच्या द बॉय्न याला पदरी ठेवून कवायती पलटणी उभ्या केल्या. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉट कारागिराने तोफा ओतल्या, बंदुका घडवल्या. हा सँगस्टर आधी ग्वाल्हेरशेजारच्या गोहदच्या राण्याकडे होता. माल अव्वल होता. १८०३मध्ये असईला (आजचा जालना जिल्हा) त्या तोफखान्याने वेल्स्लीच्या सैन्याची दाणादाण उडवली, शेवटी शंभराच्या आसपास तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या तरी. ती लढाई २३ सप्टेंबरची, रफालच्या सह्यांच्याच तारखेची. पण शिंद्यांच्या शस्त्रबळाची किल्ली परक्या अधिकाऱ्यांकडे होती. युद्ध पेटताच इंग्रजांनी त्यांना आमिष दाखवणारं जाहीरपत्रक काढलं, कित्येक निघून गेले, आणि उत्तरेतला सेनापती पेराँ स्वतःच इंग्रजांच्या स्वाधीन झाला. महादजींचे वारस दौलतराव शिंदे यांनी पुढे छावणी ग्वाल्हेरला हलवली. शहराचा ‘लष्कर’ हा भाग म्हणजे तीच छावणी.

रफाल अंबाला आणि हाशिमाराला गेली. एप्रिल २०२५मध्ये नौदलासाठी २६ रफाल घ्यायचं ठरलं, पुन्हा दोन सरकारांच्या करारानेच, सुमारे ६३ हजार कोटींना. ग्वाल्हेरला मिराजच राहिली. जगात ती कोणी बांधत नाही, मग सुटे भाग येणार कुठून? २०२१मध्ये फ्रेंच हवाई दलातून बाद झालेली चोवीस मिराज भारताने घेतल्याच्या बातम्या आल्या, प्रामुख्याने भाग काढण्यासाठी. किंमत सांगितली गेली २७ दशलक्ष युरो, म्हणजे विमानामागे साधारण दहा कोटी रुपये. विकणारे अर्थात फ्रेंचच.