जुन्या गाडीचे तापणे आणि बोअरचे पाणी

एप्रिल उजाडला की जालना जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि अंबड, भोकरदन, मंठ्याच्या रस्त्यांवर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या जुन्या जीपगाड्या दिसू लागतात. लग्नसराईतली वऱ्हाडी मंडळी लिंबाच्या सावलीत थांबतात, चालक जवळच्या शेतातून कळशीभर पाणी आणून रेडिएटरमध्ये ओततो आणि अर्ध्या तासाने प्रवास पुन्हा सुरू होतो. दोष अर्थातच उन्हाला दिला जातो. उन्हाचा वाटा मात्र मर्यादित असतो. रेडिएटरमधील पाणी ९० अंशांचे आणि बाहेरची हवा ३० अंशांची असेल, तर दोहोंतील फरक ६० अंशांचा होतो. हवा ४२ अंशांवर गेली की हा फरक ४८ अंशांवर येतो, म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता साधारण पंचमांशाने घटते. सुस्थितीतील यंत्रणा एवढी घट सोसते. ज्या रेडिएटरने आपली निम्मी ताकद आधीच गमावलेली असते, तो मात्र मे महिन्यात उघडा पडतो.

ही ताकद जाते कुठे, याचे उत्तर बहुधा त्या कळशीत असते. मराठवाड्याच्या बेसाल्ट खडकातून उपसलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापवण्याच्या पातेल्याच्या तळाशी बसणारा पांढरा थर प्रत्येक गृहिणीने पाहिलेला आहे; तोच थर इंजिनाच्या पोटात आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत बसतो. हा थर उष्णतेचा मंदवाहक असल्याने धातूची उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही. त्यातच पाण्याची वाफ होऊन उडते तेव्हा क्षार मागेच राहतात आणि नव्याने ओतलेले पाणी त्यांत भर घालते. तापलेल्या गाडीवर केलेला रोजचा उपचारच अशा रीतीने रोग वाढवीत जातो.

तरीही प्रत्येक तापणारी गाडी क्षारांमुळेच तापते असे मानून चालणार नाही. गाडी केव्हा तापते, हा पहिला प्रश्न विचारावा. बाजारच्या गर्दीत संथ चालताना तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येत असेल, तर हवेचा प्रवाह अपुरा आहे असे समजावे. जुन्या गाड्यांत पंखा पट्ट्यावर फिरतो. अंगठ्याने दाबल्यावर पट्टा सुमारे एक सेंटिमीटरहून बराच अधिक दबत असेल, तर तो घसरतो आहे. पंख्याभोवतीचे आच्छादन दुरुस्तीच्या वेळी काढून पुन्हा न बसवण्याची खोड काही ठिकाणी आढळते. त्याविना पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी तीच गरम हवा घुसळत राहतो. जाळीपुढचे जादा दिवे, पाट्या आणि हंगामात अडकणारे कापसाचे तंतू यांकडेही पाहावे.

उलट, गाडी गावात शांत आणि चढावर, भरलेली असताना किंवा २०२२ च्या डिसेंबरपासून वाहतुकीला खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर सलग वेगात तापत असेल, तर पाण्याचा प्रवाह अडला आहे. तेव्हा संशय रेडिएटर, वॉटर पंप आणि खालच्या होज पाइपवर घ्यावा. वेग वाढविल्यावर हा पाइप आत ओढला जाऊन चपटा होतो का, हे पाहण्याजोगे असते. गाडी बंद करून, पंखा थांबल्यावर रेडिएटरच्या जाळीवरून अंतरावरूनच हात फिरवावा. जिथे ऊब लागत नाही, तिथल्या नळ्या चोंदलेल्या असतात.

सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा चढत असेल आणि वरचा पाइप थंडच असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याची शक्यता मोठी. तो काढून पातेल्यातील पाण्यात तापवावा. साधारण ८२ अंशांच्या सुमारास तो उघडू लागला पाहिजे. ‘आपल्याकडच्या उन्हात थर्मोस्टॅट हवाच कशाला’ म्हणून तो फेकून देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. थंड इंजिनाची झीज अधिक होते आणि डिझेलही अधिक लागते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्याने पाण्याची आडवाट खुली राहते आणि ते रेडिएटरला वळसा घालून परत फिरते.

रेडिएटरचे झाकण ही स्वस्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित वस्तू आहे. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर असल्याने येथे उघडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. झाकणाची स्प्रिंग आणि रबर शाबूत असेल तर आतल्या दाबामुळे हीच मर्यादा ११५ अंशांच्या पुढे जाते. याच कारणाने तापलेल्या गाडीचे झाकण उघडणे घातक ठरते. दाब सुटताच उकळते पाणी तोंडावर आणि हातांवर उसळते. इंजिन बंद करून किमान अर्धा तास थांबावे, मग जाड फडके धरून झाकण हळूहळू सैल करावे. लालभडक तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेड किंवा ब्लॉक तडकतो. आणखी एक सूचना: चढलेला काटा अचानक खाली आला म्हणून हायसे वाटून घेऊ नये. पाणी पूर्ण संपले की मापक कोरडा पडतो आणि काटा खोटे सांगतो.

बाहेर गळती नसताना पाणी कमी होत असेल, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील किंवा ऑइलच्या पट्टीवर दुधाळ साय दिसत असेल, तर मिस्त्रींच्या भाषेत ‘गॅस्केट उडाले’ आहे. अशी गाडी पुढे दामटू नये. हेड उतरवल्यावर ते वाकले आहे का हे पट्टी लावून तपासून घ्यावे, अन्यथा नवे गॅस्केटही काही दिवसांत जाते.

चोंदलेल्या रेडिएटरबाबत जुन्या गाडीला एक लाभ आहे. तिचा रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर वरची-खालची टाकी उकलून नळ्यांतून सळई फिरवता येते आणि टाकी पुन्हा झाळता येते. प्लॅस्टिकच्या टाक्यांच्या नव्या ॲल्युमिनियम रेडिएटरला ही सोय सहसा नसते. साफसफाईनंतर मात्र बोअरचे पाणी पुन्हा भरू नये. बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे. कूलंट केवळ थंड प्रदेशासाठी असते हा गैरसमज आहे. ते उत्कलनबिंदू वाढवते आणि धातूला गंजापासून वाचवते. काढलेले जुने कूलंट गोठ्याजवळ किंवा शेतात ओतू नये. त्यातील ग्लायकोल चवीला गोड पण विषारी असते आणि गुरे किंवा कुत्री ते चाटतात.