गुडघ्याची किंमत कोण मोजतो?

पावसाचा जोर ओसरला, सावित्रीचे पाणी उतरले, की महाड-पोलादपूरच्या परिसरात कबड्डीचे वारे वाहू लागतात. आधी महाविद्यालयांच्या स्पर्धा, मग भातकापणी उरकल्यावर गावोगावच्या मंडळांचे रात्रीचे सामने. वाडीवस्तीवरून एस.टी.ने येणारा आणि दुपारची भूक वडापाववर भागवणारा मुलगा संध्याकाळी मैदानात उतरला की निराळाच भासतो. या भागात खेळ ही निव्वळ हौस राहिलेली नाही. पोलीस भरती आणि सैन्यभरती या येथील तरुणांच्या दोन मोठ्या आशा. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, त्यामुळे स्पर्धेतील प्रमाणपत्रालाही मोल आले आहे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर धडधाकट शरीर हेच या मुलांचे भांडवल होय, आणि बहुतेकांजवळ दुसरे भांडवल नाही.

काही वर्षांपूर्वी एका सामन्यात वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी चढाईला गेला. कोपऱ्यातल्या खेळाडूने त्याचा घोटा धरला, याने सुटण्यासाठी अंग पिळले. पाऊल जागीच अडकले आणि वरचे शरीर वळले. मैदानाच्या कडेला बसलेल्या आम्हा प्राध्यापकांना काही ऐकू आले नाही. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाल्याचे त्याने नंतर सांगितले. कोणीतरी तेलाची बाटली आणली आणि सुजू लागलेला गुडघा जोराने चोळून दिला. त्यावर क्रेप बँडेज गुंडाळले गेले आणि दुसऱ्या दिवशी तो उपांत्य सामना खेळला. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची आज लाज वाटते. पुढे गुडघा अधूनमधून निसटू लागला, गावच्या हाडवैद्याचे लेप झाले आणि कित्येक महिन्यांनी शहरात तपासणी झाल्यावर लिगामेंट तुटल्याचे कळले. शस्त्रक्रियेसाठी घरच्यांनी कर्ज काढले. पोलीस भरतीतील १६०० मीटरची धाव मात्र कायमची हुकली.

या व्यवहाराचा ताळेबंद मांडून पाहावा. विजयाचा मान महाविद्यालयाच्या खात्यावर जमा झाला, ढाल प्राचार्यांच्या दालनातल्या कपाटात गेली. खर्च मात्र सर्वस्वी एका शेतकरी कुटुंबाच्या खात्यावर पडला. ज्याचा निर्णय त्याचा खर्च नव्हे आणि ज्याचा खर्च त्याच्या हाती निर्णय नाही, अशा व्यवहारात काळजी कमी घेतली जाते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. त्या वर्षीच्या जिमखाना समितीत प्रस्तुत लेखकही होता. ढाली, गणवेश आणि प्रवासभत्ता यांवर आमची दीर्घ चर्चा झाली. मैदानावर उपचार कोण करणार, हा प्रश्न विषयपत्रिकेवर नव्हताच.

खाशाबा जाधवांची हकिगत महाराष्ट्राला पाठ आहे. १९५२ साली त्यांना हेलसिंकीला जाता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, आणि गोळेश्वरच्या या मल्लाने स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. त्या त्यागाचा आपण योग्य गौरव करतो. पण पुढच्या ऑलिंपिकची वाट गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने बंद केली, हा कथेचा उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो. याउलट विनेश फोगट पाहा. २०१६ साली रिओ येथे गुडघा दुखावल्याने त्यांना स्ट्रेचरवरून न्यावे लागले; शस्त्रक्रिया आणि शिस्तबद्ध पुनर्वसनानंतर २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. दोघांच्या मध्ये सहा दशकांचे वैद्यकशास्त्र आहे हे खरेच. परंतु ते शास्त्र वापरणारी माणसेही आहेत.

ही माणसे कोण, याविषयी आपल्याकडे घोटाळा आहे. ‘ट्रेनर’ म्हटले की व्यायामशाळेत वजने उचलून घेणारा गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत मात्र ‘अॅथलेटिक ट्रेनर’ हा कोचहून वेगळा, खेळाडूंच्या दुखापतींपुरताच वाहिलेला व्यावसायिक असतो. त्यांची राष्ट्रीय संघटना १९५० साली स्थापन झाली आणि १९९० साली तेथील वैद्यक संघटनेने या पेशाला आरोग्यसेवेचा एक पेशा म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे या कामाच्या सर्वांत जवळचा माणूस म्हणजे क्रीडा फिजिओथेरपिस्ट. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपीला संलग्न आरोग्यसेवांत स्थान दिले आहे. क्रिकेटच्या संघाबरोबर असा माणूस असतो हे घरोघरी ठाऊक आहे. महाविद्यालयात मात्र संघनिवड, सराव, प्रवास, कागदपत्रे आणि दुखापत या सगळ्यांचा भार एकट्या शारीरिक शिक्षण संचालकावर असतो. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल.

या माणसाचे पहिले काम सामन्यापूर्वीचे आहे. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वर्षांच्या सुमारे १,९०० फुटबॉलपटू मुलींवर एक मोठा प्रयोग झाला; त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या क्लबांनी सरावाआधी सुमारे वीस मिनिटांचे ठरावीक व्यायाम केले: धावणे, तोल सांभाळणे, उडी मारून गुडघा आत न वळवता जमिनीवर येणे. त्यांच्यातील एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी भरल्या. केवळ पायांच्या दुखापतींचा आकडा संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही, हेही सांगितले पाहिजे. शिवाय फुटबॉल म्हणजे कबड्डी नव्हे. तरीही ज्या उपायाला साहित्य लागत नाही आणि वेळ वीस मिनिटांचाच लागतो, तो करून पाहण्यास आपली हरकत कोणती?

दुसरे काम ‘नाही’ म्हणण्याचे, आणि माझ्या मते हेच सर्वांत मोलाचे. पकडीच्या गर्दीत डोक्याला मार बसलेला मुलगा उठतो, ‘काही नाही सर’ म्हणतो आणि पुन्हा रेषेवर उभा राहतो. मेंदूला धक्का बसला असेल तर त्याच दिवशी दुसरा मार घातक ठरू शकतो. त्याला बाहेर कोणी बसवायचे? मुलाला खेळायचे असते, कोचला जिंकायचे असते, सहकारी ओरडत असतात. निकालात ज्याचा काडीचाही स्वार्थ नाही, अशा जाणकाराचा शब्द तेथे अखेरचा असला पाहिजे. ऑक्टोबरच्या दमट उन्हात धावताना भोवळ येऊन बरळू लागलेल्या मुलाचेही तसेच. त्याला आधी थंड पाण्यात बसवून अंग निववावे आणि मग रुग्णालयात न्यावे, हा क्रम ज्याला ठाऊक आहे तो मैदानावरच हवा. मुंबई येथून दीडशे किलोमीटरांहून दूर आहे. मुरगळलेला घोटा पहिल्या एकदोन दिवसांत चोळू नये, एवढे जरी कोणी ठामपणे सांगितले तरी आमच्या भागातल्या निम्म्या तेलाच्या बाटल्या घरीच राहतील. बर्फाची अडचण सांगू नये; मासळी बाजारात तो पहाटेपासून असतो.

मग अशा माणसाची नेमणूक का होत नाही? कारण त्याचे यश दिसत नाही. जिंकलेली ढाल दिसते, न तुटलेला गुडघा दिसत नाही. बंधारा फुटला की त्याची बातमी होते. उभा राहिलेल्या बंधाऱ्याची होत नाही. म्हणून या पेशातल्या मंडळींना माझी विनंती आहे की आपले मोल भाषणांतून पटवू नका, नोंदवही ठेवा. सरावाचे तास किती झाले, दुखापती कोणत्या व कशा झाल्या, किती दिवस खेळ बुडाला, डॉक्टरांकडे किती जणांना धाडले, त्यांतील कितीजण त्याच हंगामात परतले, एवढे रकाने पुरेत. मात्र ही वही नेमणुकीच्या आधी निदान एक वर्ष सुरू व्हावी, नाहीतर तुलना कशाशी करणार? आणखी एक सावधगिरी हवी. जाणकार माणूस आला की पहिल्या वर्षी दुखापतींचा आकडा वाढलेलाच दिसेल, कारण पूर्वी लपवलेली दुखणी आता नोंदली जातील. तो आकडा पाहून घाबरलेली समिती नेमणूकच रद्द करील, ही भीती मला आमच्या समित्यांच्या अनुभवावरून वाटते. म्हणून दुखापतींच्या संख्येपेक्षा बुडालेल्या दिवसांकडे पाहावे.

पैशाचा प्रश्न उरतो. समजा, महाड, पोलादपूर, माणगाव या पट्ट्यातील पाच महाविद्यालयांनी मिळून एक फिजिओथेरपिस्ट नेमला. प्रत्येकी हजार विद्यार्थी धरले आणि माणशी वर्षाला ६० रुपये घेतले, तर ३ लाख रुपये, म्हणजे महिन्याला २५ हजार जमतात. नव्या पदवीधराला हे अगदीच कमी नाही. आठवड्याचा एक दिवस प्रत्येक महाविद्यालयाला आणि स्पर्धेच्या दिवशी मैदानावर हजेरी, अशी वाटणी होऊ शकते. न खेळणाऱ्याने ६० रुपये का द्यावेत, असा आक्षेप येईल आणि तो गैर नाही. पण तोच विद्यार्थी ग्रंथालयाचे शुल्क देतो, आणि ग्रंथालयात पाऊलही न टाकणारे विद्यार्थी मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे. शिवाय पाठदुखीने बेजार झालेल्या लिपिकांना आणि दिवसभर उभे राहणाऱ्या शिक्षकांनाही या माणसाचा उपयोग होईलच.

तो विद्यार्थी आता एका दुकानात हिशेब लिहितो. मध्यंतरी भेटला तेव्हा त्याने धाकट्या भावाचा विषय काढला. भाऊ यंदा महाविद्यालयाच्या संघात आला आहे आणि तोही चढाईच करतो. ‘सर, मैदानावर आता कोणी असतं का?’ असे त्याने विचारले. नाही, असेच मला सांगावे लागले.