रक्त थांबत नाही, तेव्हा

विळा लागला की रक्त येते. थोड्या वेळाने ते गोठते, धार थांबते. पण काही मुलग्यांचे रक्त लवकर थांबतच नाही. दात पडला तरी वाहत राहते. हा काही देवीचा कोप नव्हे. रक्त गोठवणारा आठवा घटक त्यांच्यात कमी असतो. या रोगाला हिमोफिलिया म्हणतात.

घटक किती, ते प्रयोगशाळेत मोजतात. रक्तातले पिवळसर पाणी, म्हणजे प्लाझ्मा, वेगळे काढतात. आठवा घटक नसलेल्या दुसऱ्या प्लाझ्म्यात ते मिसळतात. मग औषध घालून, गोठायला किती सेकंद लागतात ते पाहतात. जितका उशीर, तितका घटक कमी. निरोगी माणसात तो 50 ते 150 टक्के असतो. 1 टक्क्याहून कमी असला, तर रोग भारी.

कमी पडलेला घटक डॉक्टर सुईने शिरेत देतात. असा मुलगा घरात असेल, तर तपासणीआधी त्याचा दात उपटू नका.